धुराड्यातील मुलाचे गाणे

स्वातंत्र्य हा शब्द मोठ्या माणसांचा आहे. मुलाच्या तोंडी तो येत नाही. मूल म्हणते, मला बाहेर जाऊ द्या. मला झोप आली. दिवा लावा, भीती वाटते. मोठी माणसे याला हट्ट म्हणतात. हेच बोलणे आपण सरकारच्या किंवा मालकाच्या दारी जाऊन बोललो, तर मात्र त्याला हक्काची मागणी असे भारदस्त नाव मिळते. मुलाची स्वातंत्र्याची ओढ काव्यात कशी उतरली हे पाहावयाचे असेल, तर तो मोठा शब्द बाजूस ठेवून हे लहान शब्द ऐकले पाहिजेत. ते ज्या दोन कवींनी ऐकले, त्यांची आणि ज्या मुलांचे ते शब्द होते, त्या मुलांची हकीकत आज सांगावयाची आहे. दोन्ही कवी इंग्रज. एकाचे नाव विल्यम ब्लेक, दुसरीचे एलिझाबेथ बॅरेट.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, पाळी सुटण्याची वाट पाहत, शेजारी शब्दकोश ठेवून झाले. तेव्हा या कवितांतील वृत्ताची किंवा अलंकाराची चिकित्सा आमच्याकडून होणार नाही. परंतु कामाचे तास, उमेदवारी, मजुरी आणि हजेरीपट या गोष्टींची आम्हांला थोडीबहुत समज आहे, आणि या कविता समजून घेण्यास तिचा फार उपयोग झाला.

अठराव्या शतकातील लंडन हे कोळशावर जगणारे शहर होते. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, आणि प्रत्येक शेगडीचा धूर वर नेणारे अरुंद, वाकडेतिकडे धुराडे. त्यात काजळी साचे. ती काढली नाही तर धुराडे पेट घेई. कित्येक धुराडी जेमतेम नऊ इंच रुंद असत. त्यांत मोठा माणूस शिरणे शक्य नव्हते, म्हणून मूल चढवीत. पाच-सहा वर्षांची मुले या कामावर असत. गरीब आईबाप थोड्या पैशांत मूल धुराडी झाडणाऱ्या कारागिराच्या हवाली करीत; पोरके मूल असले तर गावचा अनाथखर्च वाचावा म्हणून गावच त्याला उमेदवार म्हणून बांधून देई. कोपर व गुडघे सोलवटून निघत. कातडी निबर व्हावी म्हणून त्यांवर मिठाचे पाणी चोळून मुलाला विस्तवापुढे उभे करीत. रात्री ही मुले काजळीच्याच पोत्यांवर झोपत. काही धुराड्यात अडकून गुदमरून मेली. जी वाढली, त्यांतील काहींना एका विशिष्ट जातीचा कर्करोग होई, आणि तो काजळीमुळे होतो हे पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने १७७५ साली लिहून ठेवले. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो असे वैद्यकाने दाखविल्याचा हा पहिला दाखला मानतात.

जोनास हॅनवे नावाच्या एका परोपकारी गृहस्थाने या मुलांसाठी अनेक वर्षे खटपट केली. तिचे फळ म्हणजे १७८८ चा कायदा. आठ वर्षांच्या आतील मुलाला उमेदवार घेऊ नये, एका मालकापाशी सहापेक्षा अधिक उमेदवार असू नयेत, आणि मुलाला आठवड्यातून निदान एकदा स्वच्छ धुवावे, असे त्यात म्हटले होते. मालकांना परवाना घेण्यास लावावे हे कलम मात्र लॉर्ड सभेत गळाले. परवाना नाही आणि तपासनीसही नाही, असा कायदा कागदावरच राहतो हे कामगारांना सांगावयास नको.

दुसऱ्याच वर्षी, १७८९ साली, ब्लेकने आपल्या निरागसतेच्या गीतांचे छोटे पुस्तक काढले. ब्लेक हा लंडनमधल्या एका मोजे विकणाऱ्या दुकानदाराचा मुलगा. जन्म १७५७. रीतसर शाळा त्याने पाहिली नाही. चौदाव्या वर्षी तो एका खोदकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवार राहिला आणि सात वर्षे काम शिकला. पुस्तकाची अक्षरे व चित्रे त्याने स्वतःच तांब्याच्या पत्र्यांवर उठविली, घरीच छापली, आणि तो व त्याची पत्नी कॅथरिन मिळून ती पाने हाताने रंगवीत. म्हणजे उमेदवारी काय असते हे या कवीला ऐकून ठाऊक नव्हते. तो स्वतः ती करून आला होता. फक्त त्याला मालक बरा मिळाला होता.

त्या पुस्तकात धुराडे झाडणाऱ्या मुलाची एक कविता आहे. बोलणारा मुलगाच आहे. आई मेली आणि बापाने विकले तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हते. गल्लीतून फिरताना द्यावयाची आरोळीसुद्धा त्याला नीट देता येत नसे, आणि बोबड्या उच्चारात ती आरोळी रडण्यासारखी ऐकू येई. त्याच्याबरोबर टॉम नावाचा एक लहानगा आहे. त्याचे कुरळे केस भादरले तेव्हा तो रडला. त्या रात्री टॉमला स्वप्न पडते. हजारो मुले काळ्या शवपेट्यांत बंद आहेत. एक देवदूत किल्ली घेऊन येतो आणि त्यांना मोकळे करतो. मुले हिरव्या माळावरून धावत सुटतात, नदीत अंग धुतात, उन्हात चमकतात.

या स्वप्नात मुलाने काय मागितले ते पाहा. खाऊ मागितला नाही, पैसा मागितला नाही, मालकाचा सूडही मागितला नाही. कुलूप उघडावे, धावावयास जागा असावी, अंगावर पाणी आणि ऊन पडावे, एवढेच त्याला हवे आहे. आणि अंग धुण्याचे तर वर्षापूर्वीच्या कायद्यात लिहिलेलेच होते! कायद्याने आठवड्याचे जे स्नान कबूल केले, ते कवीच्या मुलाला स्वप्नात मिळाले. सकाळी अंधारातच उठून तो पुन्हा पोते आणि ब्रश घेऊन कामावर जातो. शेवटी त्याच्या तोंडी मोठ्यांनी पढविलेला कर्तव्याचा बोध येतो. कित्येकांना तो शेवट गोड वाटतो. आम्हांला वाटते, मुलाच्या तोंडून मालकाचे वाक्य ऐकविण्याहून कडू असे कवीने काही लिहिले नसते.

पाच वर्षांनी, १७९४ साली, ब्लेकने त्या गीतांना अनुभवाच्या गीतांची जोड दिली आणि त्याच मुलाला पुन्हा बोलते केले. बर्फात एक काळा ठिपका दिसावा तसा तो उभा आहे. कोणी विचारते, तुझे आईबाप कुठे? ते देवळात प्रार्थनेला गेले आहेत. मग मुलगा कारण सांगतो. मी अजूनही हसतो, नाचतो, गातो; म्हणून त्यांना वाटते की आपण याचे काहीच वाईट केलेले नाही.

हे नाचणे-गाणे नुसते कवीच्या मनातले नव्हते. लंडनमध्ये त्या काळी धुराडी झाडणाऱ्या मुलांचा वर्षातून एक सण असे. त्या दिवशी ती रंगीबेरंगी कपडे घालून, पानांनी मढविलेला एक हिरवा सोंगाड्या मध्ये घेऊन रस्त्यांतून नाचत आणि पैसे गोळा करीत. हा सण वसंत ऋतूतला, १ मेचा. कामगारांचा दिवस म्हणून १ मे जगभर पाळण्यास १८९० साली सुरुवात झाली. त्याच्या शंभर वर्षे आधी तो लंडनच्या या काळ्या मुलांचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला उभे राहून सभ्य लोक त्यांचा नाच पाहत आणि म्हणत असतील, किती आनंदात आहेत पोरे! ब्लेकने त्या मुलांच्या वतीने या सभ्य लोकांना उत्तर दिले. मूल हसते यावरून ते मोकळे आहे असे ठरत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये, हॉटेलच्या मोरीपाशी, विटांच्या भट्टीवर आम्ही जेव्हा जेव्हा एखाद्या मुलाविषयी विचारले, तेव्हा तेव्हा हेच ऐकले, ‘विचारा की त्यालाच, मजेत आहे तो.’ या वाक्याचे उत्तर १७९४ साली देऊन झालेले आहे.

ब्लेकची शाळकरी मुलावरही एक कविता आहे. उन्हाळ्यातल्या सकाळी उठावयास त्या मुलाला आवडते. पण शाळेत करड्या नजरेखाली दिवस काढताना त्याचा आनंद झडून जातो. पिंजऱ्यातला पक्षी गाईल कसा, असे तो विचारतो. कामावरच्या मुलाला शाळेत घालणे हे आमच्या चळवळीचे मोठे उद्दिष्ट, आणि ते योग्यच आहे. पण शाळा ही दुसरी कोंडी होता कामा नये, असा इशारा शाळेत कधी न गेलेल्या या कवीने दिला, तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या कवितांचा त्या वेळी परिणाम काय झाला? फारच थोडा. हाताने रंगविलेल्या पुस्तकाच्या प्रती किती निघणार! पण १८२४ साली जेम्स माँटगोमेरी या कवी-संपादकाने धुराड्यांतील मुलांच्या कैवारासाठी एक संग्रह काढला. त्यासाठी चार्ल्स लॅम या प्रसिद्ध निबंधकाराने ब्लेकची टॉमची कविता पाठविली आणि ती तेथे छापली गेली. पस्तीस वर्षांनी ती कविता खऱ्या अर्थाने चळवळीच्या कामी आली.

पुढचा हिशेब सरळ आहे. धुराडे झाडण्याचे यंत्र, म्हणजे जोडत जाता येईल अशा काठ्यांचा ब्रश, जॉर्ज स्मार्ट याने शतकाच्या सुरुवातीलाच तयार केला होता. तरी मूलच चढत राहिले. कारण मूल यंत्रापेक्षा स्वस्त होते, आणि वाकडी धुराडी दुरुस्त करण्याचा खर्च घरमालकांना नको होता. १८३४ साली कायदा झाला. १८४० साली दुसरा झाला. एकवीस वर्षांच्या आतील कोणालाही धुराड्यात चढविण्यास त्याने बंदी केली. मुले चढतच राहिली. १८६३ साली चार्ल्स किंग्जलीची धुराड्यातील टॉमवरची कादंबरी पुस्तकरूपाने निघाली, १८६४ साली तिसरा कायदा आला, तोही लंगडा पडला. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाचे धुराडे झाडताना जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकून मरण पावला. त्याच्या मालकाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी नवा कायदा करून घेतला. परवाना सक्तीचा झाला आणि अंमल पोलिसांकडे आला. १७८८ साली लॉर्ड सभेने जे कलम वगळले होते, ते ८७ वर्षांनी परत आले, आणि तेव्हाच मूल धुराड्यातून खाली उतरले.

आता धुराड्यातून खाणीत उतरू. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, सिल्कस्टोनजवळच्या हस्कर खाणीत ४ जुलै १८३८ रोजी वादळी पावसाचे पाणी शिरले आणि २६ मुले बुडून मेली. त्यांत ११ मुली होत्या. लोक हादरले. लॉर्ड शाफ्ट्सबरी, त्या वेळचे लॉर्ड अ‍ॅशली, यांच्या प्रयत्नाने १८४० साली मुलांच्या कामाची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले. त्याच्या अधिकाऱ्यांनी खाणीत उतरून प्रत्यक्ष मुलांच्या जबान्या घेतल्या. खाणीविषयीचा अहवाल १८४२ साली चित्रांसह प्रसिद्ध झाला. कमरेला साखळी बांधून कोळशाची गाडी ओढणाऱ्या मुलांची ती चित्रे पाहून पुष्कळांची झोप उडाली.

त्या अहवालात गॉबर खाणीतल्या सेरा गुडर या आठ वर्षांच्या मुलीची जबानी आहे. तिचे काम हवेचे दार सांभाळण्याचे. गाडी आली की दार उघडावयाचे, गेली की लावावयाचे. पहाटे चारला, कधी साडेतीनला खाली जावयाचे आणि संध्याकाळी साडेपाचला वर यावयाचे. सारा वेळ एकटे आणि दिव्यावाचून. तिने सांगितले की तिला भीती वाटते. उजेड असला तर ती कधी कधी गाते. अंधारात मात्र गाण्याचे धाडस तिला होत नाही.

श्रोतेहो, कमिशनपुढे दिलेली ही जबानी आहे. तिच्यात काव्य करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. पण ब्लेकची मुले आणि पिंजऱ्यातला पक्षी ज्यांनी वाचला, त्यांना ती वाचताना थांबावे लागते. धुराड्यातले मूल गाते आणि लोक फसतात. खाणीतली सेरा गाऊ शकत नाही आणि का गाऊ शकत नाही तेही सांगते. कविता आणि सरकारी कागद येथे एकमेकांची साक्ष काढतात.

ज्या अहवालांनी देश हलला, तेच एलिझाबेथ बॅरेट यांच्याही हाती आले. त्यांचे मित्र रिचर्ड हॉर्न हे त्या कमिशनचे एक उपअधिकारी होते. बॅरेट तेव्हा सदतीस वर्षांच्या, आजारी, लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील घरात जवळजवळ कोंडलेल्या. वडिलांनी आपल्या कोणाही मुलाला लग्नाची परवानगी द्यावयाची नाही असे ठरविलेले. पुढे १८४६ साली त्यांनी रॉबर्ट ब्राउनिंग या कवीशी गुपचूप लग्न केले आणि इटली गाठली. घरची संपत्ती जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांवर उभी राहिलेली होती. अशा घरातून १८४३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात त्यांची मुलांच्या आक्रोशाची कविता प्रसिद्ध झाली.

या कवितेत खाणीतली आणि गिरणीतली मुले मिळून बोलतात. त्यांना कोणी सांगते, बाहेर जा, कुरणात खेळा, फुले तोडा. मुले म्हणतात, कुरणात गेलो तरी आम्ही तिथे पडून झोपूच. त्यांची एक सोबतीण ॲलिस मेली आहे. तिच्या थडग्याशी ती कान देऊन ऐकतात, आणि त्यांना वाटते की ती सुखी झाली, कारण तिला आता सवड आहे. देवाची प्रार्थना करा म्हटले, तर ती म्हणतात की चाकांच्या आवाजात जवळून जाणाऱ्या माणसाला आमचे ऐकू येत नाही, मग देवाला कसे येईल? हे शेवटचे ज्याला खोटे वाटेल, त्याने यंत्रमागाच्या शेडमध्ये एक पाळी उभे राहून पाहावे. तेथे बोलणे ओठांच्या हालचालीवरून समजून घ्यावे लागते.

ब्लेकच्या टॉमला धावण्याची ओढ आहे. बॅरेटच्या मुलांची तीही उरलेली नाही. त्यांना झोप हवी आहे. पन्नास वर्षांत धुराडे मागे पडून गिरणी पुढे आली, आणि मुलाच्या स्वप्नातला हिरवा माळ आटून नुसती निजण्याची जागा उरली. स्वातंत्र्याची ओढ कामाखाली कशी दबत जाते याचा हा नकाशा आहे. ज्याला खेळावेसे वाटते ते मूल अजून वाचलेले आहे, असे आम्ही कामगारवस्तीत अनुभवाने शिकलो.

कवितेने कायदा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. कापडगिरण्यांचा १८३३ चा कायदा कवितेच्या आधीचा. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर बंदी, तेरापर्यंतच्या मुलांना दिवसाचे नऊ तास, दररोज दोन तास शाळा, आणि मुख्य म्हणजे चार निरीक्षक, अशी त्याची तरतूद होती. ती मिळविण्यास उत्तर इंग्लंडातील कामगारांनी गावोगाव कामाचे तास कमी करण्यासाठी समित्या काढल्या, सभा घेतल्या, मैलोगणती चालत मोर्चे नेले. १८४२ च्या कायद्याने मुली, स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीखाली नेण्यास मनाई केली. १८४४ साली गिरणीतल्या मुलांचे तास साडेसहावर आले, पण किमान वय नवावरून आठावर उतरले. असे देवाणघेवाणीचे कायदे नेहमीचेच. १८४७ साली स्त्रिया व अल्पवयीन यांना दहा तासांचा दिवस मिळाला. समित्यांनी तास मोजले, निरीक्षकांनी ते तपासले. कवींनी एवढे केले की त्या तासांत कोण आहे, हे लोकांना विसरू दिले नाही.

या कथेचा धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. आमच्याकडे मुलांच्या तासांचा प्रश्न पार्लमेंटात निघाला तो सगळा दयेपोटी नव्हे. मुंबईचे स्वस्त सूत लँकेशायरच्या मालकांना सलत होते. पण सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईकरांनी मनापासून कायद्याचा आग्रह धरला हेही खरे. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना बंदी केली, सात ते बारापर्यंत नऊ तास ठरविले, आणि मुलांना महिन्याला चार सुट्या दिल्या. मोठ्या कामगारांना मात्र आठवड्याची सुटी नव्हती. ती महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळविली. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ साली मुलांचे किमान वय नऊ झाले, १९२२ साली बारा, १९४८ साली चौदा. सातापासून चौदापर्यंत येण्यास ६७ वर्षे लागली.

इंग्लंडात कविता आधी आली, अंमलात येणारा कायदा मागून. आमच्याकडे कायदा आधी आला. गिरणगावातल्या पोराचा आवाज मराठी कवितेत पूर्ण ताकदीने ऐकू आला तो नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या १९६२ च्या संग्रहातून, असे आम्हांला वाटते. रस्त्यावर सापडलेले ते मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले. ते गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग तिथेच शिक्षक झाले. १९६६ साली त्यांनी आपल्या दुसऱ्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. ब्लेक आणि बॅरेट यांनी मुलासाठी बोलून दाखविले. येथे ते मूलच मोठे होऊन बोलले.

आज परिस्थिती काय आहे? राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी केली आहे. २००९ साली सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वर्षे वयाची सुमारे एक कोटी मुले काम करताना आढळली. २०१६ साली चौदाखालील मुलांना सर्वच धंद्यांत बंदी झाली, पण शाळा सांभाळून कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची सवलत ठेवली गेली. उसाच्या फडात आईबापांच्या कोयत्यामागे जाणारे, मोळ्या गोळा करणारे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले मूल या सवलतीत मोडते की नाही, हे फडावर जाऊन विचारणारा निरीक्षक आम्हांला क्वचितच भेटला. १७८८ साली गळालेल्या कलमाची आठवण येथे होते.

यासाठी नवा कायदा मागण्याआधी एक साधे काम आपण सर्वांनी करण्यासारखे आहे. चहाच्या टपरीवर, भट्टीवर, फडात, कोणाच्या घरी भांडी घासताना मूल दिसले, तर ते हसते आहे का, हे पाहून समाधान मानू नये. त्याला विचारावे, सकाळी कधी उठलास, कधी निजणार, खेळावयास कधी जातोस. सेरा गुडरला कोणीतरी बसून हेच प्रश्न विचारले होते, आणि तिची उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली होती. आपल्याला मिळालेली उत्तरेही लिहून घ्यावीत, त्याखाली गाव आणि तारीख घालावी, आणि तो कागद कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून पोच मागावी.